नऊ खड्यांचा प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, एका सभासदाच्या घराच्या व्हरांड्यात दर रविवारी गो हा पटावरचा खेळ खेळणारा आमचा गट जमतो. नेहमीचे आठ-दहा जण, सुट्टीत थोडे जास्त. ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय ते दोन सभासदांमधलं आहे. एक काका. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीच्या कामावर आयुष्य काढून निवृत्त झालेले, तरुणपणापासून बुद्धिबळ खेळणारे. दुसरी मुलगी, तेव्हा अकरावीत होती, लॉकडाउनमध्ये मोबाइलवर गो शिकली आणि तेव्हापासून थांबलेली नाही. दोघांना विचारूनच हे लिहितोय. नाव मात्र दोघांनाही नको, त्यामुळे काका आणि मुलगी एवढंच.

घडलं ते असं. मुलगी काकांपेक्षा कितीतरी वरच्या ताकदीची होती. काका तिच्याकडून हँडिकॅप, म्हणजे कमी ताकदीच्या खेळाडूला सुरुवातीलाच मिळणारी सूट, घ्यायला तयार नव्हते. बरेच महिने ते सलग हरत राहिले, मग अधूनमधून जिंकायला लागले, आणि जिंकायला लागल्यावर काही आठवड्यांनी यायचे बंद झाले. हरत होते तोवर येत होते. जिंकायला लागले आणि थांबले. ते का, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

ज्यांनी गो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, म्हणजे ३६१ छेदबिंदू. एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा छेदबिंदूवर ठेवायचा. ठेवलेला खडा हलत नाही. त्याच्या शेजारचे सगळे रिकामे बिंदू समोरच्याने भरले तर मात्र तो उचलला जातो. आपल्या खड्यांनी जितकी जागा वेढली तितके आपले गुण. काळा आधी खेळतो, म्हणून समान डावात पांढऱ्याला शेवटी साडेसहा गुण भरपाई मिळते, तिला कोमी म्हणतात. अर्धा गुण असल्यामुळे बरोबरी होत नाही.

ताकद मोजायची पद्धत ठरलेली आहे. नवखा साधारण २५ ते ३० क्यूला असतो, सुधारत १ क्यूपर्यंत येतो, त्याच्यापुढे डान सुरू होतात. दोघांमध्ये जितक्या पायऱ्यांचं अंतर, तितके काळे खडे डावाआधीच पटावर मांडायचे, दोनपासून नऊपर्यंत. पटावर नऊ ठळक ठिपके असतात, खडे तिथेच बसतात, आणि मग पहिली चाल पांढरा करतो. मुलगी तेव्हा ३ क्यूच्या आसपास होती आणि काका १२ च्या. म्हणजे नऊ खडे. नऊच्या नऊ ठिपके भरलेले.

काकांचा नकार कुठून येत होता हे समजायला त्यांचं बुद्धिबळ लक्षात घ्यावं लागतं. नाशिकला बुद्धिबळाची हवा आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघातला विदित गुजराथी इथलाच. आमच्या गटात येणारे बहुतेक जण बुद्धिबळातूनच येतात. बुद्धिबळात ताकदीतला फरक भरून काढायचा तर मोठा खेळाडू आपला घोडा किंवा हत्ती काढून ठेवतो. डाव तिथेच बिघडतो. शिकलेल्या सुरुवाती लागू पडत नाहीत, आणि समोरचा घोडा नसलेला पट पाहत पूर्ण डाव खेळणं म्हणजे प्रत्येक चालीला आपण कमी आहोत हे पाहणं. काकांच्या मनात हँडिकॅप म्हणजे हेच होतं. पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा ते सरळ म्हणाले, "मला लिंबूटिंबू करू नका. हरेन, पण सगळ्यांसारखा हरेन." आणि देणारी कोण, तर नातीच्या वयाची पोर. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण ते होतंच.

गटाचा तेव्हा काही नियम नव्हता. कोणाला किती खडे, हे खेळणाऱ्या दोघांवर सोडलेलं. काकांनी नको म्हटलं की विषय संपायचा.

मग सुरू झाली ती मालिका. मुलगी काकांना चाळीस, पन्नास, कधी सत्तर गुणांनी हरवायची. काका डाव संपल्यावर खडे डब्यात भरायचे, चहा घ्यायचे आणि फारसं न बोलता स्कूटर काढायचे. मुलीच्या आईने एकदा घरी तिला म्हटलं होतं, "अगं, मोठ्या माणसाला किती हरवशील?" आपल्याकडे हे वाक्य अगदी स्वाभाविकपणे निघतं, आणि त्यात प्रेमच असतं. मुलीने ते मनावर घेतलं. ती काकांशी ढिली खेळायला लागली. दर वेळी नाही, तीन-चार डावांत एकदा. आम्हाला कोणालाच कळलं नाही, कारण ती हे काम फार बारकाईने करायची. गोमध्ये शेवटच्या टप्प्यात सीमारेषा बंद करण्याच्या चाली असतात. कुठली चाल चार गुणांची, कुठली दोनाची, कुठली एकाची हे चांगल्या खेळाडूला दिसत असतं. दोन्ही बाजूंची जागा मनात मोजत, चारच्या जागी दोनची चाल आधी खेळायची, दोनच्या जागी एकची. हातातला डाव दीड-अडीच गुणांनी सुटतो आणि पाहणाऱ्याला चुरशीचा डाव झाला असंच वाटतं.

काकांना मात्र कळलं, आणि कसं कळलं हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे.

एका रविवारी सकाळी मुलगी सहावीतल्या एका मुलाला स्नॅपबॅक शिकवत होती. आपला एक खडा मुद्दाम समोरच्याच्या तोंडात द्यायचा. त्याने तो उचलला की त्याच्याच खड्यांना एकच मोकळी जागा उरते, आणि पुढच्या चालीत आपण त्याचे पाच-सहा खडे एकदम उचलतो. काका शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. तासाभराने दोघांचा डाव लागला आणि उजव्या बाजूला अगदी तोच आकार तयार झाला, मुलीच्या फायद्याचा. काकांना तो दिसला. मुलगी दुसरीकडे खेळली. काका मुद्दाम दुसरीकडे खेळले. ती पुन्हा तिसरीकडे खेळली. "मला दिसतंय आणि शिकवणारीला दिसत नाही, असं कसं होईल?" हे त्यांनी आम्हाला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ती जागा बंद केली, अडीच गुणांनी जिंकले आणि घरी गेले.

घरी त्यांची वही होती. तारीख, समोर कोण, काळे की पांढरे, किती गुणांनी निकाल. सुट्या भागांची मापं लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याने इथेही मापं लिहून ठेवली होती. काकांनी मुलीबरोबरचे सगळे डाव एका पानावर उतरवले. हार: साडेत्रेचाळीस, साडेअठ्ठावन्न, साडेएकतीस, साडेबासष्ट. जीत: दीड, अडीच, दीड, साडेतीन. कमी फरकाने जिंकणं हा काही पुरावा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. २०१७ मध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रामने चीनचा अव्वल खेळाडू के जिए याला पहिल्या डावात अर्ध्याच गुणाने हरवलं होतं, आणि तो डाव काही चुरशीचा मानला जात नाही. काकांना खटकलं ते दुसरंच. मधला आकडाच नव्हता. आठ-दहा गुणांनी हरलोय, पंधरांनी जिंकलोय, असा एकही डाव नाही. खऱ्या खेळाचे आकडे पसरलेले असतात. हे दोन ढिगाऱ्यांत पडले होते आणि मधली जागा रिकामी.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. गुडघे दुखत असतील, मुलाकडे पुण्याला गेले असतील, असे अंदाज झाले. फोन केला तर "बघू, येतो" एवढंच. मुलीला मात्र अंदाज आला होता. तिने गट चालवणाऱ्या ताईंजवळ सगळं सांगून टाकलं.

मला त्या मुलीचा राग आला नाही, आजही येत नाही. तिला समोरच्या माणसाचा उतरलेला चेहरा सहन होत नव्हता. पण काकांचं काय गेलं ते मोठं होतं. ते आपल्या जिंकलेल्या डावांवर घरी रात्री बसून विचार करायचे. ही चाल कशी सुचली, तो कोपरा कसा वाचला. त्यातलं कितपत आपलं होतं हे आता त्यांना सांगताच येत नव्हतं. हरलेले डाव निदान खरे होते.

ताई, मुलगी आणि तिची आई काकांच्या इंदिरानगरच्या घरी गेल्या. ताईंकडून ऐकलेलं सांगतो. चहा होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग मुलगीच म्हणाली, "काका, मी काही डाव मुद्दाम हरले."

"माहीत आहे. कुठले ते पण सांगू? वही आणतो."

"सॉरी, काका."

"ते राहू दे. मला एक सांग, आणि नीट विचार करून सांग. तू पूर्ण खेळलीस तर मला किती खडे लागतील?"

"नऊ." मग थोडं थांबून, "सुरुवातीला नऊ पण पुरणार नाहीत."

"मग हे आधी बोलायचं होतंस," काका म्हणाले. "मी नको म्हटलं असतं, पण आकडा तरी कळला असता."

ताईंनी त्यांना समजावायला जपानमधली एक हकिकत सांगितली. सतराव्या शतकापासून तिथे गोची चार घराणी होती, आणि दर्जात अंतर असेल तर हँडिकॅप हा रिवाजच होता. पुढे विसाव्या शतकात दहा डावांच्या मालिका होत. एकजण चार डावांनी पुढे गेला की दुसऱ्याला तिथेच खालची पायरी घ्यावी लागायची. १९३९ मध्ये गो सेइगेन आणि कितानी मिनोरू यांची मालिका सुरू झाली. दोघे मित्र, दोघांनी मिळून सुरुवातीच्या चालींची नवी पद्धत घडवलेली. सहा डावांत सेइगेन पाच जिंकला आणि कितानीला खाली उतरावं लागलं, म्हणजे तीनपैकी दोन डावांत काळे खडे घेऊन खेळायचं. तेव्हा कोमी नव्हती, त्यामुळे काळे घेणं हाच हँडिकॅप. सगळं जाहीर, सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर. आणि अलीकडचं म्हणाल तर जानेवारी २०१८ मध्ये त्याच के जिएने फाइन आर्ट या प्रोग्रामकडून दोन खडे घेतले, आणि तरी हरला.

ताईंना वाटत होतं, एवढे मोठे खेळाडू खडे घेतात म्हटल्यावर काका विरघळतील. काकांनी त्यातून वेगळंच उचललं. ते म्हणाले, "त्यांचं ठरलेलं होतं ना? चार डावांचा फरक पडला की खाली. कोणाच्या मनावर नव्हतं. मग मला चालेल. कोणी दयेने दिलेला एक खडाही नको, आणि मी सुधारलो तर तो आपोआप कमी व्हायला हवा. मागायला लागता कामा नये."

माझ्या मते प्रकरण सुटलं ते या वाक्यावर. काकांचं भांडण खड्यांशी नव्हतंच. खडे किती हे समोरच्याच्या चांगुलपणावर ठरणार, याच्याशी होतं.

नियम त्याच संध्याकाळी लिहिला गेला आणि पुढच्या रविवारपासून सगळ्यांना लागू झाला. क्यूच्या अंतराप्रमाणे सुरुवात करायची. सलग तीन डाव जिंकला त्याच्या बाजूने एक खडा सरकतो, म्हणजे घेणारा जिंकला तर एक कमी, देणारा जिंकला तर एक जास्त. नऊच्या वर गेलं तर पट बदलायचा आणि १३ बाय १३ वर बसायचं. नोंद काकांच्या वहीत. हँडिकॅप असेल तर कोमी अर्ध्या गुणाची, फक्त बरोबरी टाळायला.

नऊ खडे घेऊन काका पहिले दोन डाव हरले, आणि तेही चांगलेच. याचं कारण शिकण्यासारखं आहे, कारण नवे लोक हमखास इथेच अडतात. नऊ खडे हातात आले की वाटतं, आहे ते सांभाळायचं. मग पांढरा जिथे खेळेल तिथे त्याच्या शेजारी जाऊन उत्तर द्यायचं, प्रत्येक कोपऱ्याला कुंपण घालायचं. पांढऱ्याला हेच हवं असतं. तो हळूहळू काळ्याचे तुकडे एकमेकांपासून तोडतो आणि नऊ खडे नऊ ठिकाणी एकटे पडतात. मधला सोडला तर ठळक ठिपके कडेपासून चौथ्या रेषेवर असतात. तिथला खडा कोपरा राखायला थोडा उंचच पडतो. त्याची खरी ताकद पटाच्या मध्याकडे आणि शेजारच्या ठिपक्याशी जोडलं जाण्यात आहे. पांढरा मध्ये शिरला की त्याला निवांत बसू न देता, आपले दोन खडे जोडत जोडत त्याला हाकलायचं, आणि तो पळत असताना दुसरीकडे जागा बांधायची. काळा मुळात पुढेच असतो, तेव्हा गुंतागुंत टाळून साधी देवाणघेवाण झाली तरी त्याला चालते. अवघड वळणं शोधणं हे पांढऱ्याचं काम.

हे सगळं मुलीनेच डाव पुन्हा मांडून काकांना दाखवलं. तिला पूर्ण डाव पाठ असतो. "इथे तुम्ही मला घाबरलात, काका. इथे मी घाबरलेले होते, तुम्हाला दिसलं नाही." मुद्दाम हरलेल्या डावांनंतर ती असं पुन्हा मांडून दाखवायला कधी बसली नव्हती, हे आमच्या लक्षात नंतर आलं. बसली असती तर काय दाखवणार होती?

तिसऱ्या डावात काकांनी मध्यात शिरलेला पांढऱ्या खड्यांचा गट मारला. दोन डोळे, म्हणजे वेढा पडला तरी खडे जिवंत ठेवणाऱ्या आतल्या दोन रिकाम्या जागा, करायला त्याला वावच उरला नाही. साडेएकोणीस गुणांनी जिंकले. वहीत मधला पहिला आकडा पडला. त्यानंतर साडेअकराने हार, साडेसातने जीत, साडेपंचेचाळीसची मोठी जीत. त्या डावात मुलीने फार हाव धरली आणि तिचे दोन गट एकदम गेले. रागाने तिने खडे डब्यात टाकले तो आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू आला. मला तेव्हा फार बरं वाटलं. काकांशी खेळताना हरण्याचा तिला खराखुरा राग येत होता.

तिच्या बाजूनेही बदल झाला. नऊ खडे देऊन खेळताना पांढऱ्याचं घर कुठेच नसतं, सगळीकडे परक्या मुलुखात जगायचं असतं. ती सांगते की समान डावात तिला इतकं मोजावं लागत नाही. एका ठिकाणी नुकसान सोसून दुसरीकडे ते दीडपट वसूल करायचं, अर्धवट सोडलेली जागा वीस चालींनंतर कामाला आणायची, ही सवय तिला काकांच्या डावांतून लागली.

नियमाने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सुरुवातीला कोणाचे किती खडे याचा कागद आम्ही भिंतीवर लावला होता. कॉलेजातला एक मुलगा त्यावर नाराज झाला. मित्रांची उतरंड भिंतीवर कशाला, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. कागद काढला, नोंद वहीतच राहिली, पण तो मुलगा तोवर यायचा कमी झाला होता आणि आता येतच नाही. लहान पोरांचा वेगळा घोळ. त्यांना आम्ही ९ बाय ९ च्या पटावर बसवतो. तिथे ८१ छेदबिंदू, एका खड्याची किंमत मोठ्या पटावरच्या खड्याच्या कितीतरी पट. तीन डावांनंतर एक खडा सरकवला की पारडं एकदम दुसरीकडे जायचं. म्हणून छोट्या पटावर आता खड्यांऐवजी कोमीच बदलतो. आधी कोमी काढून टाकायची, मग ती उलट काळ्याला द्यायची, दोन-दोन गुणांच्या पायऱ्यांनी. पोरांना हे गणित आवडतं. खडे दिलेले त्यांना दिसतात, गुण दिलेले दिसत नाहीत, हेही एक कारण असावं.

काका सध्या सात आणि आठ खड्यांच्या मध्ये आहेत. सातवर दोन डाव जिंकतात, तिसऱ्या डावाला अडकतात, मग सलग तीन हरले की पुन्हा आठवर जातात. मुलगी आता बारावीत आहे, क्लास आणि परीक्षा यांच्यामुळे दर रविवारी येत नाही. म्हणून दोघांनी मोबाइलवर एक डाव लावलाय, सात खड्यांचा, दिवसाला एक चाल. या डावाचा निकाल तीनच्या हिशेबात धरायचा का, यावरून गेल्या रविवारी दोघांची चांगलीच जुंपली. काकांचं म्हणणं, घरी बसून दिवसभर विचार करून खेळलेली चाल आणि व्हरांड्यात बसून खेळलेली चाल एका मापात मोजता येत नाही, तेव्हा हा डाव वेगळ्या पानावर. मुलगी म्हणते, "विचाराला वेळ मलाही तेवढाच आहे, काका. तुम्ही हरताय म्हणून वेगळं पान काढताय." काकांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि नियमात तसं कुठे लिहिलंय ते दाखव म्हणाले. लिहिलेलं नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे, आणि आत्तापर्यंत मतं निम्मी-निम्मी आहेत.